पुण्यात गाडीशिवाय राहायचंय, दिवेलागणीनंतरही चालता येईल अशा ठिकाणी

रानजाई
नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी मूळची अमरावतीची. गेल्या मे महिन्यात नोकरीसाठी पुण्यात आले. ऑफिस कल्याणीनगर मेट्रो स्थानकापासून पायी दहा मिनिटांवर. सोबत आई आहे, वय ६६, गुडघे कुरकुरतात पण रोज बाहेर पडल्याशिवाय तिला करमत नाही. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. दिवसा बरं दिसतं, अंधार पडला की दिसणं एकदम कमी होतं, आणि नजरेच्या कडा वर्षागणिक आत येत चालल्यात. त्यामुळे स्कूटी, गाडी हा विषय माझ्यासाठी संपलेला आहे. 'शिकून घे गं, पुण्यात त्याशिवाय भागत नाही' हे ऐकून ऐकून थकले, म्हणून आधीच सांगितलं.

घर वाघोलीत घेतलं. मे महिन्यात सकाळी अकराला बघितलं होतं. हवा, उजेड, भाडं, सगळं पटलं. नकाशात बसथांबा ४५० मीटर दाखवत होता. राहायला आल्यावर कळलं की ते ४५० मीटर आमच्या मागच्या भिंतीपासूनचे आहेत. त्या भिंतीत लोखंडी दार आहे, त्याला कायम कुलूप. पुढच्या गेटने वळसा घालून गेलं की सव्वा किलोमीटर. त्यातला निम्मा रस्ता फुटपाथशिवाय, टँकर आणि डंपरच्या बाजूने. शेवटी नगर रस्ता ओलांडायचा. दूध आणायलासुद्धा आईला रिक्षा लागते.

पावसाळा कसाबसा काढला. पण नोव्हेंबरपासून सहा वाजताच सूर्य मावळतो आणि मी ऑफिसमधून निघते तेव्हा अंधार असतो. डिसेंबरात एका उघड्या चेंबरच्या कडेला पाय गेला. नुसता मुरगळला, पण त्या दिवसापासून घरी पोचेपर्यंत छातीत धडधडत असतं. अकरा महिन्यांचा करार एप्रिलमध्ये संपतोय. भाडं २५ हजारांपर्यंत जमेल, एक बेडरूम पुरे. लिफ्ट किंवा तळमजला हवा.

पुण्यात दोन बायकांना पायी जगता येईल अशी जागा कुठे आहे?

सुपारी
ऑफिस कल्याणीनगरला आहे तर कल्याणीनगरमध्येच बघा ना. मेट्रोचीही गरज नाही.

रानजाई
सुपारी, पहिल्यांदा तेच बघितलं. भाडं आवाक्याबाहेर आहे. आणि दुसरं कारण आईचं. मी आठवड्यातले पाच दिवस ऑफिसात असते, चोवीस तास त्या परिसरात आईला राहायचंय. तिला भाजीवाली, देऊळ, वाचनालय, दोन गप्पा मारायला माणसं हवीत. माझं ऑफिस एका टोकाला असलं तरी चालेल, मेट्रो आहे. तिचं जग पायाखाली हवं.

झुणकाभाकर
घर बदलण्याचा खर्च, डिपॉझिट, दलाली हे सगळं धरलं तर रोज रिक्षा किंवा कॅब स्वस्त नाही का पडणार? सुरक्षितही आहे. मनापासून विचारतोय.

रानजाई
हिशेब केलाय. मीटरने पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरला १७. घर ते ऑफिस ११ किलोमीटर, म्हणजे एका बाजूचे साधारण १८५. महिन्यातले २२ दिवस दोन्ही बाजू धरल्या तर आठ हजारांच्या वर जातं. तेवढे पैसे भाड्यात घातले तर मेट्रोजवळचं घर मिळतं. आणि रिक्षा मला ऑफिसला नेईल, आईला कोथिंबिरीसाठी कोण नेणार?

वाटसरू
रानजाई, मी स्थापत्य अभियंता, रस्त्यांच्या कामात २० वर्षं गेली. कुठला भाग घ्यावा हे इतर सांगतीलच, मी कसं बघावं ते सांगतो.

एक, घर बघायला संध्याकाळी साडेसातलाच जा. दलाल सकाळची वेळ देईल, ऐकू नका. दोन, अंतर मोजू नका, रस्ते ओलांडणं मोजा. ९०० मीटर आतल्या गल्लीने चालणं सोपं, ३०० मीटर चालून मधे एक चौपदरी रस्ता ओलांडणं अवघड. तुमच्या बाबतीत तर फारच. तीन, हातात दोन किलो बटाट्यांची पिशवी घेऊन चाला. रिकाम्या हाताने प्रत्येक रस्ता बरा वाटतो.

आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष आहेत. फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरणही स्वीकारलं. कागद उत्तम आहे. पण बऱ्याच ठिकाणी फुटपाथ गुडघ्याएवढा उंच, दर वीस पावलांवर कोणाच्या तरी फाटकासाठी उतार काढलेला. चढ-उतार, चढ-उतार. आईंचे गुडघे तिथेच संपतील. म्हणून सलग फुटपाथ बघा, रुंद नव्हे. अरुंद पण सलग असेल तर चालतो.

आणि तुमच्या त्या कुलूपबंद दाराबद्दल. नव्या भागांत चालणं मारलंय ते या भिंतींनी. पंधरा-पंधरा एकरांचे प्रकल्प, सलग कुंपण, एकच गेट. जुन्या कॉलन्यांत दर पन्नास-शंभर मीटरला गल्ली फुटते, म्हणून माणूस चार वाटांनी जाऊ शकतो. नकाशा उघडून गल्ल्या किती आणि कशा जोडलेल्या आहेत एवढं पाहिलं तरी अर्धं उत्तर मिळतं.

पेठकरी_४११०३०
वाटसरू यांनी गल्ल्यांचं सांगितलं त्यावरून लिहितो. माझा जन्म सदाशिव पेठेतला, वय ७१. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा, म्हणजे १२ जुलै १९६१ ला, मी सात वर्षांचा होतो. पूर ओसरल्यावर आमचे कितीतरी शेजारी सहकारनगर, गोखलेनगरकडे गेले. आम्ही राहिलो.

पेठा पायी चालण्यासाठीच वसल्या, कारण तेव्हा दुसरं काही नव्हतंच. खाली दुकान, वर बिऱ्हाड. गिरणी, वाणी, डेअरी, वैद्य, शाळा, देऊळ, सगळं हाकेच्या अंतरावर. मंडईची इमारत १८८६ सालची, आजही आमच्याकडची भाजी तिथूनच येते. मी आयुष्यात स्कूटर घेतली नाही. सायकल होती, ती मुलीच्या लग्नानंतर मोडीत काढली. बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी मंडईपर्यंत जाऊन येतो, भाजी घ्यायची नसली तरी. पाच जण तरी हाक मारतात.

आता मेट्रो मंडईखालून जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाला. संभाजी उद्यान स्थानकातून नदीवरून शनिवार पेठेत उतरणारा पादचारी पूलही झाला आहे. तुमच्या ऑफिसची गाडी त्याच स्थानकातून.

पण ताई, मी माझ्या पेठेचा कितीही अभिमानी असलो तरी तुम्हाला इथे या असं डोळे झाकून म्हणणार नाही. आतल्या गल्ल्यांत फुटपाथ नाहीत. दोन्ही बाजूंनी दुचाक्या लावलेल्या, मधून चालत्या दुचाक्या, आणि उरलेल्या जागेतून माणूस. मला सवय आहे, कुठली पायरी कुठे पुढे आली आहे ते पायाला पाठ आहे. तुम्हाला कडेचं दिसत नाही म्हणता, बाजूने आलेलं हँडल कसं कळणार? जुन्या इमारतींना लिफ्ट नाहीत, नव्यांचं भाडं जास्त. आणि गणपतीत दहा दिवस रस्ते बंद, मांडव, गर्दी, आवाज. मला ते दहा दिवस प्राणाहून प्रिय आहेत. तुमच्यासाठी ते दहा दिवस घरात बसून काढायचे होतील.

मंजिरी_को
पेठकरीकाका, किती प्रामाणिकपणे लिहिलंत.

रानजाई, आमच्या कोथरूडला ये. आयडियल कॉलनी किंवा आनंदनगर स्थानकाच्या आसपास बघ. मयूर कॉलनीत मी १४ वर्षं आहे. मार्च २०२२ मध्ये वनाझ ते गरवारे मेट्रो सुरू झाली तेव्हा आम्ही नुसते फेरी मारायला गेलो होतो. मार्च २०२४ पासून तीच रामवाडीपर्यंत जाते, म्हणजे तुझं कल्याणीनगर एकाच गाडीत, बदलायची भानगड नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. भाजी, भजनी मंडळ, बँक, दवाखाना सगळं एकट्या पायी करतात. संध्याकाळी कट्ट्यावर बायका असतात, आईंना दोन दिवसांत ओळखी होतील.

दगडफूल
कोथरूडच्या आतल्या कॉलन्या चांगल्या आहेत, पण मयूर कॉलनीपासून स्थानकापर्यंतचं चालणं कमी नाही, आणि मधे पौड रस्त्याची वाहतूक. तेही लिहायला हवं.

माझं मत संत तुकारामनगर, पिंपरी. आखून वसवलेली जुनी वसाहत, सरळ रस्ते, फुटपाथ बरे, झाडं, भाजी बाजार, मोठं सरकारी रुग्णालय, आणि मेट्रो स्थानक. भाडं तुमच्या अंदाजापेक्षा पाच-सात हजारांनी कमी. सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागेल. तिथलं भुयारी स्थानक ३३ मीटर खोल आहे, वर यायला सरकत्या जिन्यांची रांगच आहे. पण सगळं लख्ख उजेडात. तुम्हाला अंधाराचीच अडचण असेल तर जमिनीखालचा तो भाग पूर्ण प्रवासात सर्वात सोपा जाईल.

मंजिरी_को
दगडफूल, मयूर कॉलनीचं मान्य. स्थानकाजवळचं घर मिळालं तरच.

कवडसा
मलाही आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा, आहे. निदान होऊन १६ वर्षं झाली, आता पांढरी काठी वापरतो. तुमचा 'धडधडत असतं' हा शब्द वाचून थांबलो. माझीही पहिली दोन वर्षं तशीच गेली.

डोळस माणसांना एक गोष्ट लक्षात येत नाही. आपला शत्रू नुसता अंधार नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर पडला की नंतर कितीतरी सेकंद काहीच दिसत नाही. त्यामुळे दुभाजक नसलेला, दोन्ही बाजूंनी वाहता रस्ता आपल्यासाठी सर्वात वाईट. एकेरी रस्ता असेल तर वाहतुकीच्या दिशेनेच चाला, दिवे पाठीमागून येतात आणि उलट पुढची जमीन उजळते. मात्र फुटपाथवरूनच. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी आहेत. त्यातल्या जंगली महाराज रस्त्याचा फुटपाथ नव्याने बांधला तेव्हापासून मी तिथे रात्री आठलाही निवांत चालतो. मुद्दाम चालायला जातो, काम नसलं तरी.

पिवळ्या ठिपक्यांच्या फरशांवर विसंबू नका. काही ठिकाणी त्या सरळ झाडाच्या बुंध्यात किंवा विजेच्या डीपीच्या खांबात जातात.

आणखी एक, फेरीवाल्यांबद्दल. फुटपाथ अडतो म्हणून सगळे त्यांच्यावर रागावतात, आणि अडतो हे खरंही आहे. पण ज्या फुटपाथवर वडापावची गाडी, फुलवाली, चणेवाला असतो तिथे उजेड असतो आणि माणूस असतो. मी एकदा खड्ड्यात पडलो तेव्हा उचलायला भेळवालाच आला होता. पूर्ण रिकामा, सुंदर, अंधारा फुटपाथ मला नको वाटतो.

काठी घ्या. अगदी आता गरज नसली तरी रात्रीपुरती. काठी दिसली की दुचाकीवाले अंतर ठेवून जातात. मी सहा वर्षं लाजलो, तेवढा काळ उगाच ठेचा खाल्ल्या.

रानजाई
कवडसा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण सकाळी म्हणाली, काठी कुठे मिळते ते विचारून घे.

सगळ्यांचे आभार. पुढचे तीन आठवडे शनिवार-रविवार संध्याकाळी फिरते, मामेभाऊ सोबत येतोय. बघून लिहीन.

सुपारी
नक्की लिहा. आई वारली, बाबा एकटे आहेत, मलाही हाच शोध सुरू करायचाय.

रानजाई
तीन आठवडे फिरलो. मोठा प्रतिसाद आहे, वेळ काढून वाचा.

पहिल्यांदा संत तुकारामनगर. मनापासून आवडलं. रस्ते रुंद, दिवे चांगले, आई एकटी पुढे जाऊन भाजी घेऊन आली. भाडंही परवडणारं. पण संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी गाडी बदलून पाहिली. उजेड आहे, दगडफूल म्हणाले ते शब्दशः खरं. मला जमलं नाही ते गर्दीमुळे. बाजूने येणारी माणसं मला धडकल्यावरच कळतात, आणि रोज दोनदा ते करायचं म्हटल्यावर पोटात गोळा आला. ज्यांना गाडी बदलायची नाही किंवा नजर चांगली आहे त्यांनी तिथे जरूर बघावं.

मग कोथरूड. मंजिरी, तू सांगितलेल्या कट्ट्यावर खरंच बायका होत्या, आई अर्धा तास बसली, एकीचं माहेर आमच्या राजापेठेतलं निघालं. मी बघितलेली घरं मात्र स्थानकापासून लांब होती. जवळचं एक मिळालं ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

पेठेतही गेले. काका, तुमच्या सांगण्यावरून शनिवार पेठेतल्या पुलावरून चालले. नदीवर वारा होता, पुलावर उजेड होता, फार बरं वाटलं. पूल उतरून गल्लीत शिरलो आणि दोन मिनिटांत भावाने माझा दंड घट्ट धरला. तुम्ही लिहिलं होतं तसंच. मला वाईट वाटलं, कारण आईला ती जागा सगळ्यांत जास्त आवडली होती.

शेवटी एरंडवणे. नळ स्टॉप स्थानकाजवळ, कर्वे रस्त्याच्या आतली एक गल्ली. नेमकी कुठली ते लिहीत नाही, समजून घ्या. वाटसरू यांच्या पद्धतीने गेले. साडेसात वाजता, हातात बटाटे. स्थानकाचा जिना ज्या बाजूला उतरतो त्याच बाजूला घर, त्यामुळे कर्वे रस्ता ओलांडावा लागत नाही. ही एक गोष्ट कळली आणि पुढचं सगळं सोपं झालं. पावलं मोजली, ६४०. त्यातली पहिली दीडशे मुख्य रस्त्याच्या फुटपाथवर, तिथे दोनदा चढ-उतार. एक मेडिकलचं दुकान, एक पोळी-भाजी केंद्र, एक फुलवाली, म्हणजे उजेड आहे. उरलेला रस्ता आतला, वाहतूक तुरळक, पण मधल्या एका टप्प्यात झाडं इतकी दाट की दिवे पानांत बुडालेत. तिथे मी दोनदा थांबले. तरी धडधडलं नाही.

इमारत १९८० च्या आसपासची, तीन मजली, आम्हाला तळमजला मिळतोय. भाडं २६. हजाराने जास्त आहे, देऊ. कोपऱ्यावर वाणी, तीन मिनिटांवर डेअरी. वाचनालय आईने शोधून काढलं, मला न सांगता. मेट्रोने कल्याणीनगर पंचवीसेक मिनिटं, एका बाजूचे तिकीट तीस रुपयांच्या आत.

एप्रिलमध्ये जातोय.

वाटसरू
स्थानकाचा जिना कुठे उतरतो हे बघून घर घेतलंत, हे मलाही सुचलं नव्हतं. लिहून ठेवतो.

त्या झाडांच्या टप्प्याबद्दल. झाड तोडायची किंवा छाटायची गरज नसते. खांबाला खालच्या उंचीवर, फांद्यांच्या खाली, दुसरा दिवा बसवता येतो. महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर तक्रार करताना खांबाचा क्रमांक लिहा, खांबावर रंगवलेला असतो. 'अंधार आहे' एवढंच लिहिलं तर तक्रार फिरत राहते. जमल्यास गल्लीतल्या चार-पाच जणांना तीच तक्रार करायला सांगा.

पेठकरी_४११०३०
आईंना घेऊन मंडईत या. सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागेल, रविवारी सकाळी लवकर आलात तर गर्दी नसते. मी साडेसातला फुलांच्या बाजूला असतो.

रानजाई
मे महिना. घर लागलं. थोडक्यात लिहिते, कारण सुपारी यांनी विचारलंय.

काठी घेतली. पहिल्या दिवशी स्थानकाच्या जिन्यावर उघडताना हात थरथरत होता. आता नाही. खांबाचा क्रमांक लिहून तक्रार केली, शेजारच्या दोघींनीही केली, अजून दिवा आलेला नाही. परत करणार.

आई रोज सकाळी बाहेर पडते. परवा मी ऑफिसात असताना तिचा फोन आला. घाबरून उचलला. म्हणाली, 'काही नाही गं, डेअरीपर्यंत आले होते, चक्का घेऊ का विचारायला केला.' वाघोलीत अकरा महिन्यांत तिने मला घराबाहेरून एकदाही फोन केला नव्हता.

सुपारी
वाचून डोळे भरले.

बाबांसाठी याच भागात बघतोय. ते व्हीलचेअरवर असतात, ढकलणारं माणूस ठेवू. तुमच्या गल्लीत चाक जाईल का?

रानजाई
सुपारी, मी पायांच्या हिशेबाने बघितलं होतं, चाकांच्या नाही. मुख्य रस्त्यावरचे ते दोन चढ-उतार खुर्चीला त्रासाचे वाटतात, उतार किती तीव्र ते सांगता येत नाही. आमच्या इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, शेजारच्या दोन इमारतींना नाहीत असं वाटतंय. वाणी आणि डेअरी दोन्हीकडे एकेक पायरी. मेट्रोच्या लिफ्टचं दार आमच्या बाजूला उघडतं की पलीकडे, ते मी कधी पाहिलंच नाही. बाबांच्या खुर्चीची रुंदी कळवा. शनिवारी दिवसाउजेडी टेप घेऊन निघते, मोजून इथेच लिहिते.